विहिरीच्या तळाशीं सांपडलेलें अथेन्स

प्राचीन ग्रीस म्हटला कीं संगमरवरी मूर्ति, उंच खांबांचीं देवालयें आणि सॉक्रेटिसाचे संवाद एवढेंच आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ग्रीकांच्या मातीच्या भांड्यांची आठवण निघालीच, तर ती संग्रहालयांतील कांचेच्या कपाटांत मांडलेल्या, काळ्यातांबड्या चित्रांनीं नटलेल्या मोठमोठ्या पात्रांची निघते. आज आम्ही वाचकांपुढें जो विषय ठेवणार आहों तो त्याहून पुष्कळ साधा आहे. पाणी आणावयाची, मद्य ओतावयाची, घराघरांतल्या रोजच्या राबत्याची मातीची सुरई, तिचा हा विषय. ही सुरई उत्खननांत कशी सांपडते, आणि सांपडल्यावर काय सांगते, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम नांवांचा थोडा विचार करूं. सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेल्या माणसास नांवापाशीं थांबल्यावांचून पुढें जातां येत नाहीं! पाणी भरण्याच्या घागरीस ग्रीक लोक ‘हुद्रिआ’ म्हणत. इंग्रजी वळणानें तिचा उच्चार ‘हायड्रिया’ असा होतो. ह्यांतील ‘हुदोर्’ म्हणजे पाणी, आणि तो शब्द आपल्या ‘उदक’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मद्याच्या सुरईस ‘ओइनोखोए’ असें नांव. ‘ओइनोस्’ म्हणजे द्राक्षांचें मद्य, आणि ‘खोए’ ज्यापासून निघालें तो ‘खेओ’ हा ओतण्याच्या अर्थाचा धातु. भाषाशास्त्रज्ञांनीं ह्या धातूचें मूळ व आपल्या ‘हु’ धातूचें मूळ एकच ठरविलें आहे. ‘जुहोति’, ‘आहुति’, ‘हविस्’ हीं रूपें ज्या मूळाचीं, त्याच मूळाचें हें ग्रीक रूप होय. आपल्या पूर्वजांनीं अग्नींत तूप ओतलें, त्यांच्या पूर्वजांनीं देवांच्या व पितरांच्या नांवानें भूमीवर मद्य ओतलें. ओतण्याचा शब्द मात्र दोघांनीं एकाच घरून नेला.

आपल्याकडे जशी घागर, कळशी, तांब्या, चंबू, झारी अशी भांड्यांची बिरादरी आहे, तशीच त्यांच्याकडेहि होती. हुद्रिआला तीन कान असत. दोन आडवे, उचलण्यासाठीं, आणि एक उभा, ओततांना धरण्यासाठीं. इसवी सनापूर्वीं ५२०-५०० च्या सुमारास अथेन्समध्यें घडविलेल्या पुष्कळ घागरींवर पाणवठ्याचीं चित्रें आहेत. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्यास आल्या आहेत. जिची घागर भरली तिच्या डोक्यावर ती उभी आहे, जिची रिकामी तिनें ती आडवी ठेवली आहे. ज्या वाचकभगिनींनीं लहानपणीं नदीवरून पाणी आणलें असेल, त्यांस ह्या चित्राचा अर्थ कोणा पंडितास विचारावा लागणार नाहीं. ओइनोखोएचें तोंड पुष्कळदां तीन पाकळ्यांसारखें चिमटलेलें असे, म्हणजे धार नीट पडावी. ग्रीक लोक मद्यांत पाणी मिसळून पीत, निव्वळ मद्य पिणें हें त्यांच्या दृष्टीनें रानटीपणाचें लक्षण. ‘क्रातेर’ नांवाच्या मोठ्या पात्रांत हें मिश्रण करीत आणि सुरई त्यांत बुडवून पेल्यांत ओतीत.

ह्याच घाटाच्या सुरया धातूच्याहि होत, आणि पुढें रोमन काळांत त्या दूरवर गेल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास ज्या काशाच्या वस्तु निघाल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनच्या छोट्या मूर्तीबरोबर अशी एक सुरईहि होती. पंचगंगेच्या कांठीं भूमध्यसमुद्राकडची सुरई! परंतु ती रोमन काळांतली व धातूची. आपला आजचा विषय त्याहून पांचसहा शतकें जुन्या मातीचा आहे.

आतां हीं मातीचीं भांडीं जगासमोर आलीं कशीं, हें पाहूं. आणि येथें थोडें दुःखद सांगावें लागतें. ग्रीकांचीं अत्यंत सुंदर भांडीं पुष्कळशीं ग्रीसमध्यें नव्हे, तर इटलींत सांपडलीं. एट्रुस्कन नांवाचे तेथील धनिक लोक तीं विकत घेत आणि आपल्या मृतांच्या थडग्यांत ठेवीत. १८२८ मध्यें रोमच्या वायव्येस व्हुल्ची येथें अशा थडग्यांचा शोध लागला. ती जमीन बव्हंशीं नेपोलियनचा भाऊ ल्यूसियन बोनापार्ट ह्याची. खोदकाम धडाक्यानें चाललें, हजारों भांडीं बाहेर आलीं आणि युरोपांतील संग्रहालयांत जाऊन बसलीं. पुढें जॉर्ज डेनिस नांवाचा इंग्रज प्रवासी ल्यूसियनच्या विधवेच्या जमिनीवरील खोदकाम पाहावयास गेला. त्यानें १८४८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जें लिहिलें आहे, तें वाचून कोणाहि विद्याप्रेमी माणसास हळहळ वाटेल. चित्रें नसलेलें साधें भांडें वर आलें कीं मजूर तें जमिनीवर आपटून पायांखालीं चुरडीत. तसा त्यांस हुकूमच होता. कारण स्वस्त माल बाजारांत फार गेला तर भाव उतरेल! एखाददुसरें भांडें आपणांस द्यावें अशी डेनिसनें विनवणी केली, ती देखील मानली गेली नाहीं.

चुरडलेल्या त्या सुरयांत कलाकुसर नव्हती हें खरें. परंतु कोणत्या थडग्यांत कोणती सुरई कोणत्या पेल्याशेजारीं होती, मृत मनुष्य पुरुष होता कीं स्त्री कीं बालक, हें सर्व त्याबरोबर चुरडलें गेलें. चित्रित भांडें वांचलें तें पोरकें होऊन वांचलें. त्याचें गोत्र विचारूं गेलें तर उत्तर नाहीं.

हा प्रकार एकोणिसाव्या शतकाबरोबर संपला असें मात्र कोणीं समजूं नये. एउफ्रोनिओस ह्या थोर चित्रकाराच्या हातचा एक क्रातेर डिसेंबर १९७१ मध्यें इटलींतील चेर्वेतेरी येथील थडग्यांतून चोरांनीं काढला, आणि १९७२ मध्यें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें तो दहा लक्ष डॉलर देऊन घेतला. पुष्कळ वर्षांच्या वादानंतर २००८ मध्यें तो इटलीस परत गेला. भांडें परत आलें हें चांगलें झालें. पण त्याच्या बाजूला कोणत्या सुरया व कोणते पेले होते, हें सांगणारी नोंद कोणीं करून ठेवली नव्हती, आणि ती कोणत्याहि न्यायालयास परत देतां येत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट रीत पाहावयाची तर अथेन्सच्या ‘आगोरा’कडे वळलें पाहिजे. आगोरा म्हणजे त्या नगराचा चौक. बाजार, न्यायालयें, कचेऱ्या सर्व तेथेंच. १९३१ मध्यें अमेरिकन विद्वानांच्या अथेन्समधील संस्थेनें तेथें उत्खनन सुरू केलें. त्या जागेवर नांदती वस्ती होती. सुमारें चारशें घरें विकत घेऊन पाडावीं लागलीं. खालीं जें सांपडलें त्यांत देवालयें व सभागृहें होतींच. परंतु सुरयांच्या दृष्टीनें खरें भांडार निघालें तें विहिरींत.

अथेन्सच्या जुन्या विहिरी म्हणजे आपल्याकडील आडच समजावे. माणूस उतरेल एवढ्याच रुंद, आणि उतरण्यासाठीं दोहों बाजूंस पाय ठेवावयाच्या खोबणी केलेल्या. अशा शेंकडों विहिरी तेथें उघडल्या गेल्या. ज्यांच्या वाड्यांत आड होता त्यांस दोर सुटून कळशी आंत गेल्यावर होणारी धांदल, गळ टाकणें, शेजाऱ्यास हांक मारणें, हें सर्व सांगावयास नको. अथेन्सकरांच्याहि सुरया अशाच पडत. पण त्या मातीच्या आणि स्वस्त. गळ टाकून काढण्याइतकी त्यांची किंमत नसावी. पाण्यामुळें व तळच्या चिखलामुळें त्या पुष्कळदां फुटतहि नसत. म्हणून विहिरीच्या तळाशीं जो थर असतो, त्यांत विहीर चालूं असतांना पाणी काढतां काढतां पडलेल्या सुरया एकीवर एक बसलेल्या असतात; सर्वांत जुनी खालीं, सर्वांत नवी वर. पुढें विहीर आटली वा टाकून दिली म्हणजे घरचा केरकचरा, फुटकीं मडकीं, कौलें तींत लोटीत. तो वरचा थर निराळा. उत्खनन करणाऱ्यानें हे दोन थर वेगळे ठेवले, कीं वर्षांचा हिशेब आपोआप उलगडूं लागतो.

ह्या हिशेबास एक पक्की खूण मिळाली आहे. इसवी सनापूर्वीं ४८० मध्यें इराणी सम्राट झर्क्सीसच्या सैन्यानें अथेन्स जाळलें. नगरवासी आधींच बायकामुलांसह बाहेर पडले होते. शत्रु गेल्यावर ते परतले तेव्हां घरें पडलेलीं, भांड्यांचा चुराडा झालेला, विहिरी बिघडलेल्या. त्यांनीं मोडतोड गोळा करून त्या विहिरींतच लोटली आणि नवीं घरें उभारलीं. आगोरांत असे सुमारें वीस भराव ओळखले गेले आहेत. म्हणजे एका दुर्दैवी वर्षीं अमुक घरांत काय काय होतें, ह्याची यादीच जणूं जमिनींत पुरून राहिली. कॅथलीन लिंच नांवाच्या विदुषीनें अशा एकाच घरच्या विहिरींतील भांड्यांवर २०११ मध्यें स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांत चित्रित पेल्यांच्या जोडीस साधीं काळीं भांडीं आहेत, स्वयंपाकाचीं मडकीं आहेत, पाण्याच्या घागरी आहेत. मित्रमंडळीसह मद्यपानास बसण्याची जी रीत केवळ सरदारघराण्यांची समजली जाई, ती साधारण स्थितीच्या घरांतहि होती, हें तिनें ह्या खापरांवरून दाखविलें. एकाहि ग्रीक ग्रंथकारानें ह्या घराचें नांव लिहून ठेवलेलें नाहीं. त्याचें तोंड बोललें तें विहिरींतून.

हें शक्य झालें तें टिपण ठेवणाऱ्यांच्या चिकाटीमुळें. आगोराच्या नोंदींची व्यवस्था ल्यूसी टॅलकॉट ह्या बाईंनीं लावली. प्रत्येक वस्तूस क्रमांक, प्रत्येक क्रमांकास पत्रक, आणि पत्रकावर ती वस्तु कोणत्या विहिरींत कोणत्या खोलीवर मिळाली ह्याची नोंद. त्यांनीं व ब्रायन स्पार्क्स ह्यांनीं १९७० मध्यें साध्या व काळ्या भांड्यांचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळें आज एखाद्या सुरईचा नुसता गळा हातीं आला तरी ती कोणत्या पिढीची हें सांगतां येतें. व्हुल्चीच्या मजुरांनीं जें पायांखालीं चुरडलें, त्याच जातीच्या मालावर हा ग्रंथ उभा आहे. आमच्या मतें सुंदर भांड्यांवरील दहा ग्रंथ एका पारड्यांत घातले तरी हें पारडें हलणार नाहीं.

काळ्या भांड्यांचा उल्लेख आला म्हणून त्यांच्या काळेपणाचें रहस्यहि सांगून टाकतों. तो रंग नव्हे. अथेन्सच्या मातींत लोह आहे. तीच माती पाण्यांत गाळून तिचा अत्यंत बारीक राब करीत आणि भांडें काळें हवें तेथें तोच फांशीत. मग एकाच भट्टींत तीन पायऱ्यांनीं भाजीत. प्रथम हवा खेळती ठेवून. तेव्हां सर्व भांडें तांबडें होई. नंतर वाट बंद करून, ओलें लांकूड घालून, आंच सुमारें नऊशें अंशांवर नेत. तेव्हां सर्व काळें पडे, आणि बारीक राबाचा थर वितळून कांचेसारखा घट्ट होई. शेवटीं पुन्हां हवा सोडीत. उघडी माती हवा शोषून परत तांबडी होई. कांचेसारख्या थरांत हवा शिरत नसे, म्हणून तो काळाच राही. ह्या युक्तीची उकल जर्मनींतील थिओडोर शूमान ह्यानें १९४२ मध्यें करून दाखविली. अथेन्सच्या कुंभारानें ती पुस्तकावांचून साधली होती; भट्टी कधीं बंद करावी आणि कधीं उघडावी हें त्याला धुरावरून व ज्वाळेवरून समजत असे.

सुरईवर लिहिलेलेंहि सांपडतें. १८७१ मध्यें अथेन्सच्या दिपुलोन वेशीजवळच्या स्मशानांत एक सुरई मिळाली. ती इसवी सनापूर्वीं ७४० च्या सुमाराची आहे. तिच्या खांद्यावर कोणीतरी भाजून झाल्यावर टोंचणीनें अक्षरें कोरलीं आहेत. ग्रीक लिपीच्या उपलब्ध लेखांत हा अगदीं प्राचीनांपैकीं एक. त्यांत राजाज्ञा नाहीं, देणेंघेणें नाहीं; सर्व नाचणाऱ्यांत जो अधिक हलक्या पावलांनीं नाचेल त्याची ही सुरई, अशा अर्थाची एक छंदोबद्ध ओळ आहे, व पुढें कांहीं अक्षरें नीट लागत नाहींत. ज्या लिपीपासून पुढें सर्व युरोपाच्या लिप्या निघाल्या, ती बाल्यांत असतां नाचाच्या बक्षिसावर गिरविली गेली, हें वाचून आमच्यासारख्या जुन्या पंतोजीस थोडें हंसूं येतें, आणि बरेंहि वाटतें.

आतां एका सुरईबद्दल जरा सविस्तर सांगावयाचें आहे. तिचें नांव ‘खूस्’, अनेकवचनीं ‘खोएस्’. मूळ तेंच, ओतण्याचें. बुटकी, पोट सुटलेली, तोंड तीन पाकळ्यांचें. हें मापाचेंहि नांव होतें. एक खूस् म्हणजे सुमारें सव्वातीन लिटर. न्यायालयांत पक्षकारानें किती वेळ बोलावें हें पाण्याच्या घटिकापात्रानें मोजीत, आणि तें पात्र खूसच्या मापानें ओळखत. आगोरांत असें एक मिळालें आहे. त्यावर दोन खोएस् अशी खूण आहे, आणि तें रिकामें होण्यास सुमारें सहा मिनिटें लागतात. आमच्या कांहीं वक्त्यांपुढें तें ठेवण्याचा मोह कोणास होणार नाहीं?

अथेन्समध्यें वसंताच्या आरंभीं अँथेस्टेरिआ नांवाचा तीन दिवसांचा उत्सव होई. पहिल्या दिवशीं नव्या मद्याचे रांजण उघडीत. तिसऱ्या दिवशीं धान्यें शिजवून मृतांशीं संबंध असलेल्या हर्मीस देवास अर्पण करीत. आणि मधला दिवस ह्या सुरयांचा. त्या दिवशीं प्रत्येकानें आपापली सुरई घेऊन बसावयाचें, शिंग फुंकलें म्हणजे पिण्यास आरंभ करावयाचा, आणि कोणीं कोणाशीं बोलावयाचें नाहीं. इतर दिवशीं एका क्रातेरांतून सर्वांस वाढणारे हे लोक त्या दिवशीं असे वेगळे कां बसत? त्याची कथा अशी. ओरेस्टीस हा बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठीं आईस मारून अथेन्सला आला. मातृहत्येचा दोष त्याच्या अंगीं. अतिथीस दारांतून परत लावणें हें पाप, आणि त्याच्या पात्राशीं पात्र लावणें हाहि दोष. तेव्हां डेमोफोन राजानें आज्ञा केली कीं आज प्रत्येकास निराळी सुरई द्यावी. एकट्या ओरेस्टीसचें पान बाजूला मांडलें नाहीं; सर्वांचींच वेगळीं मांडलीं, म्हणजे कोणाचें वेगळें हें कोणास कळूंच नये. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्या वाचकांनीं ह्या राजाच्या युक्तीचा निवांतपणें विचार करावा. त्या उत्सवांत गुलामांसहि वांटा मिळत असे.

त्याच दिवशीं शिक्षकांस त्यांचें वेतन व भेटी पाठविण्याची चाल होती, असें एका प्राचीन ग्रंथकारानें नमूद केलें आहे. वर्षभर त्या दिवसाकडे कोण डोळे लावून बसत असेल, तें आम्ही सांगावयास नको.

ह्या सुरयांच्या लहान आवृत्त्या, वीतभराहूनहि लहान, पुष्कळ सांपडल्या आहेत. बहुतेक इसवी सनापूर्वींच्या पांचव्या शतकाच्या शेवटच्या भागांतल्या. त्यांवर चित्रें मुलांचीं आहेत. एक गुबगुबीत मूल रांगत आहे. गळ्यांतून छातीवर ताइतांची माळ आडवी घातलेली आहे. दुसरें दांड्याला लावलेली चाकाची गाडी ओढीत आहे. तिसऱ्यामागें पांढरा लहान कुत्रा लागला आहे, आणि जवळच जमिनीवर तसलीच एक सुरई ठेवलेली आहे. ह्या उत्सवांत तिसऱ्या वर्षांतल्या मुलांस फुलांच्या माळा घालीत असें जुन्या ग्रंथांत आहे. म्हणजे मूल अंगावरून सुटून माणसांत आलें, ह्याची ती खूण असावी. त्या काळीं अर्भकें किती दगावत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या ह्या माळेचें मोल समजतें. रोमन काळांतल्या एका बालकाच्या थडग्यावरील लेखांत असें आहे कीं, मुलाचें वय सुरयांच्या सणाचें झालें होतें, पण त्या सणाच्या आधींच दैवानें त्यास गांठलें.

गेरार्ड व्हान होर्न ह्या डच विद्वानानें १९५१ मध्यें अशा शेंकडों सुरयांची यादी प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून वाद चालूं आहे. कित्येकांचें मत असें कीं जें मूल सण पाहण्यापूर्वीं गेलें, त्याच्या आईबापांनीं त्याची सुरई त्याच्याबरोबर दिली. दुसरे म्हणतात कीं सण पाहिलेल्या मुलांच्याहि थडग्यांत त्या असतील, आणि कांहीं तर नुसतीं खेळणीं असतील. निकाल लावावयाचा तर थडग्यांतील मुलाचें वय पाहिलें पाहिजे, दांत व हाडें तपासलीं पाहिजेत, सुरई कोणत्या बाजूस ठेवली होती तें पाहिलें पाहिजे. ज्या थोड्या सुरया नीट खोदलेल्या थडग्यांतून आल्या त्यांच्या बाबतींत हें करतां येतें व विद्वान तें करीत आहेत. ज्या पुष्कळशा बाजारांतून संग्रहालयांत आल्या, त्यांच्यापाशीं रांगणारें मूल आहे, गाडी आहे, कुत्रा आहे. त्या ज्याच्या उशाशीं होत्या, त्याचें वय मात्र नाहीं.